मेलबर्न ते डार्विन, प्राडो आणि कॅरव्हॅन: वजन, डिझेल, बेअरिंग, कुकर

प्रश्न – तांबडी_माती

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात मेलबर्नहून निघून अ‍ॅडलेड, कूबर पीडी, उलुरू, अ‍ॅलिस स्प्रिंग्स, डार्विन असा बेत आहे. आम्ही दोघंच, हाताशी नऊ आठवडे. गाडी डिझेल प्राडो १५०: जीव्हीएम (सगळं भरून गाडीचं मान्य कमाल वजन) २९९० किलो, ओढण्याची क्षमता ३०००, डिझेलची टाकी १५० लिटर. कॅरव्हॅन १८ फुटी, दोन अ‍ॅक्सलची: रिकामी २०८० किलो, एटीएम (भरलेल्या कॅरव्हॅनचं कमाल वजन) २६००, पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या.

१) २६०० हे ३००० पेक्षा कमी आहे, म्हणजे वजनाचा प्रश्न मिटला का?
२) डिझेलचे जेरीकॅन न्यावेत का? रोज किती अंतर धरावं?
३) सुटे भाग कोणते न्यावेत?
४) स्वयंपाकाला इंडक्शन पुरेल का? मिरच्या-कढीपत्ता सोबत नेता येतो का?

उत्तर १ – वजनकाटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मिटला नाही. ओढण्याची क्षमता पाहून लोक निश्चिंत होतात, पण या जोडीत आधी भरतो तो गाडीचा जीव्हीएम.

कॅरव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टो बॉलवर (गाडीमागे कॅरव्हॅन जोडायच्या गोळ्यावर) येतो. तुमच्या बाबतीत तो २६० किलो, आणि हे सगळं वजन गाडीच्या जीव्हीएममध्ये मोजलं जातं. रिकामी गाडी २३२५ धरा. दोन माणसं १५०, बॉल २६०. झाले २७३५. उरले २५५. त्यात बुलबार (गाडीपुढचा संरक्षक दांडा) ६०, सामानासकट छोटा फ्रिज ४०, हत्यारं आणि जॅक ५०, छतावरचा रॅक आणि ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छत) ५० घातलं की हातात ५५ किलो राहतात. कपडे, खुर्च्या, दुसरी बॅटरी यातच बसवायची.

मागच्या अ‍ॅक्सलचं गणित याहून कडक आहे. बॉल अ‍ॅक्सलच्या मागे सव्वा मीटरवर असतो, म्हणून तरफेसारखा परिणाम होतो: पुढचा भाग उचलला जातो आणि मागच्या अ‍ॅक्सलवर २६० ऐवजी सुमारे ३७० किलो येतात. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (वजन पुढे-मागे वाटून देणारा जोड) लावल्यावर पुढच्या चाकांवर वजन परत येतं, स्टिअरिंग सुधारतं. पण त्यामुळे जीव्हीएम वाढत नाही. विकणारे नेमका इथेच घोळ करतात.

कॅरव्हॅनमध्ये तुम्हाला ५२० किलो भरता येतात. पाणी १९०, नऊ किलोचे दोन भरलेले गॅस सिलिंडर ३६ (रिकाम्या वजनात ते धरलेत का, हे विचारा). उरले २९४. ऑनिंगच्या भिंती, जादा सोलर, सायकली, किराणा यांत ते कधी संपतात कळतही नाही.

निघण्याआधी सगळं भरून, डिझेल आणि पाणी फुल करून, दोघं गाडीत बसून वजनकाट्यावर जा. जोडलेल्या अवस्थेत फक्त गाडीची चाकं काट्यावर घ्या: हा जीव्हीएम. त्यातच पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा तोलून घ्या. मग फक्त कॅरव्हॅनची चाकं: हा जीटीएम. शेवटी कॅरव्हॅन सोडवून एकटी, जॉकी व्हीलसकट (पुढच्या आधाराच्या छोट्या चाकासकट): हा एटीएम. एटीएममधून जीटीएम वजा केला की बॉलवरचं खरं वजन मिळतं.

जड सामान अ‍ॅक्सलच्या वर, जमिनीलगत ठेवा. मागच्या बंपरवर दोन स्पेअर चाकं आणि टूलबॉक्स टांगला की शेपूट हलायला लागते. हललीच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरने फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक हलके लावा. तो कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताला न बघता सापडला पाहिजे.

उत्तर २ – स्टुअर्ट_हायवे

जेरीकॅन नकोत. २६०० किलो ओढताना १०० किलोमीटरला १८ लिटर धरा, समोरून वारा असेल तर २२. १५० लिटरमध्ये वाऱ्यातसुद्धा ६८० किलोमीटर होतात. पोर्ट ऑगस्टाहून पिंबा १७५, आणि पिंब्याला टाकी भरली की कूबर पीडी ३६५. मधला ग्लेन्डाम्बो हिशेबात धरूच नका, मिळालं तर मिळालं. पुढे मार्ला २३५, कुलगेरा १८०, अर्लडंडा ७५. तिथून लॅसिटर हायवेने युलारा (उलुरूजवळचं मुक्कामाचं गाव) २४५ किलोमीटर आत. अ‍ॅलिस ते टेनंट क्रीक ५०५ आणि टेनंट क्रीक ते कॅथरीन ६७० हे लांबचे टप्पे, पण मधे रोडहाऊस (हायवेवरचे इंधन-खाण्याचे थांबे) आहेत. तिथलं डिझेल महाग असतं, तरी टाकी अर्धी झाली की भरायचीच.

रोज ३०० ते ३५० किलोमीटर पुरे. जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून चारला मुक्काम. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, नॉर्दर्न टेरिटरीत बऱ्याच ठिकाणी कुंपण नसल्याने गुरंही. मेलेल्या जनावरावर बसलेला वेज-टेल्ड गरुड जड असतो, त्याला उडायला वेळ लागतो. लांबूनच वेग कमी करा. टेरिटरीत काही भागांत १३० ची मर्यादा आहे, ती तुमच्यासाठी नाही. ९०-९५ वर राहा.

रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. ती मागून येत असेल तर यूएचएफच्या (गाडीतल्या दुतर्फी रेडिओच्या) चॅनल ४० वर तिला पुढे जायला सांगा, आपली लेन धरून ठेवा आणि ती शेजारी आली की अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा. कडेच्या मातीत चाक उतरवू नका. तुम्हालाच तिला ओलांडायचं असेल तर समोर दीड किलोमीटर मोकळा दिसल्याशिवाय नाही.

चॅनल १८ कॅरव्हॅनवाल्यांचं, ५ आणि ३५ आणीबाणीचं. मागे घेताना दोघांत बोलायला १२ ते १७ मधलं एखादं ठरवा. कॅरव्हॅन जोडणं, मागे घेणं, चालवणं दोघांनाही आलं पाहिजे. एकालाच येत असेल आणि तोच आजारी पडला, तर दुसरा माणूस २०० किलोमीटरवर अडकतो. गावांच्या मधे फोनला रेंज नसते, त्यामुळे नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्‌झचा पीएलबी (उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र) जवळ ठेवा. तो फक्त जिवावर बेतलं तरच वापरायचा.

उत्तर ३ – ग्रीसचा_डबा

कॅरव्हॅनच्या चाकांच्या बेअरिंगला दर वर्षी किंवा १०,००० किलोमीटरला नवं ग्रीस लागतं. जाऊन-येऊन तुमचे आठ-नऊ हजार होतील, म्हणून निघण्यापूर्वीच करून घ्या. बेअरिंग जातं ते बहुतेक तीन कारणांनी: नट जास्त आवळला, सील फाटून धूळ-पाणी आत गेलं, किंवा जुन्या ग्रीसवर नवं थापलं. हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसतं तो भाग) फिरवत नट आवळायचा, मग सैल करून हाताने टेकेल इतकाच ठेवायचा, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी.

सोबत एका हबचा पूर्ण संच: आतलं आणि बाहेरचं बेअरिंग कपांसकट, सील, स्प्लिट पिन, डस्ट कॅप, जास्त तापमानाचं ग्रीस. तुमच्या हबला बेअरिंगचा कोणता प्रकार लागतो, एलएम, एसएल की पॅरलल, हे हब उघडून बघा. अंदाजाने घेतलेला संच बसत नाही. बॉटल जॅक आणि खाली ठेवायला लाकडाचा जाड चौकोनी ठोकळा घ्या. गाडीचा जॅक कॅरव्हॅनला चालेलच असं नाही.

प्रत्येक थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हब मोजा. आकडा महत्त्वाचा नाही, फरक महत्त्वाचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी गरम असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चाललंय. चाक उचला, वर आणि खाली धरून हलवून पाहा.

टायरची शाबूत नक्षी पाहून फसू नका. कॅरव्हॅनचे टायर झिजण्याआधी उभ्याउभ्या म्हातारे होतात. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सकाळी थंड असताना हवा भरा आणि तासाभराने परत मोजा. लाइट ट्रक टायरला साधारण ६ पीएसआय वाढ बरोबर. जास्त वाढली तर सकाळी हवा कमी होती. चाक काढून बसवलं की ५० किलोमीटरवर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

प्रश्नकर्ता – तांबडी_माती

मनापासून आभार. शनिवारी काट्यावर जातो. किंग्ज कॅन्यनहून अ‍ॅलिसला मेरीनी लूपने गेलं तर अंतर वाचतं, तो रस्ता जमेल का? आणि स्वयंपाकाचं राहिलंच.

उत्तर ४ – कुकरच्या_शिट्ट्या

इंडक्शन फक्त वीज असलेल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये. २००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १८० अँपिअर खेचते. २०० अँपिअर-अवरची लिथियम तासाभरात रिकामी. गॅसवर मात्र रोज दीड तास एक बर्नर धरला तर नऊ किलोचा सिलिंडर पाचेक आठवडे जातो. तीन लिटरचा कुकर न्या: खाली डाळ, वरच्या भांड्यात भात, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. शिजवताना छताची झडप आणि एक खिडकी उघडी ठेवा. उब आणायला शेगडी कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. युलाऱ्याला जूनमध्ये काही रात्री पारा शून्याखाली जातो, बाहेरचा पाइप गोठू शकतो. सकाळच्या चहाचं पाणी रात्रीच भरून ठेवा.

व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीचे नियम लागतात. फळं, टोमॅटो, मिरच्या, वांगी हद्दीआधी संपवा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून ताजी डहाळी नेऊच नका. डाळी, पीठ, मसाले, सुकं खोबरं घरून. भाजी अ‍ॅडलेड आणि अ‍ॅलिसला. परतताना टेरिटरीतून साउथ ऑस्ट्रेलियात येतानाही तेच नियम, प्रत्येक हद्दीआधी त्या राज्याची यादी पाहा.

उत्तर ५ – वजनकाटा

मेरीनीला परवाना लागतो, तो किंग्ज कॅन्यनला मिळतो. पण बराच रस्ता कच्चा आहे, नालीदार पत्र्यासारख्या लाटांचा. तुमची कॅरव्हॅन डांबरी रस्त्यासाठी बनलेली असेल तर कपाटांचे स्क्रू निघतात, धूळ आत शिरते आणि वॉरंटी बहुधा लागू होत नाही. लुरिचा रोड आणि लॅसिटर हायवे दोन्ही डांबरी आहेत. किंग्ज कॅन्यनला त्याच वाटेने जा, त्याच वाटेने परत या. काट्यावरचे पाचही आकडे इथे टाका, मग काय काढायचं ते पाहू.