जपानहून परतल्यावर उरलेले येन कोठे विकावेत?

प्रश्न: सहलीनंतर माझ्याकडे सुमारे ४०,००० येनच्या नोटा आणि मूठभर नाणी उरली आहेत. ती विकण्यास काही मुदत असते का? बँक बरी की मनी चेंजर?

उत्तर १: परतल्यापासून १८० दिवसांत परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडे (परवाना असलेली बँक किंवा मनी चेंजर) जमा करावे, असा नियम आहे, मात्र २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या नोटा निवासी व्यक्तीला स्वतःजवळ ठेवता येतात आणि नाण्यांना तर मर्यादाच नाही. तुमची रक्कम त्यात सहज बसते, त्यामुळे पुन्हा जपानला जाण्याचा विचार असेल तर विकूच नयेत, असे माझे मत आहे.

उत्तर २: विकायचेच असतील, तर फलकावरचा दर पाहून भुलू नका. आपण विकतो तेव्हा लागू होतो तो त्यांचा खरेदीदर, आणि तो नेहमीच कमी असतो. शिवाय जीएसटी किमान ४५ रुपये कापला जातो, मग रक्कम कितीही छोटी असो. म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून ‘सर्व वजा जाता हातात किती पडतील?’ एवढेच विचारावे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलाच मनी चेंजर निवडावा, पासपोर्ट सोबत न्यावा आणि पावती मागून घ्यावी.

उत्तर ३: नाणी येथे सहसा कोणी घेत नाही. पाचशे येनचे एक नाणे अडीचशे रुपयांहून अधिक मोलाचे असल्याने पुढच्या वेळी ती परतताना जपानमधील विमानतळावरील दुकानातच संपवावीत आणि बिलाची उरलेली रक्कम कार्डाने द्यावी.