धर्माशी संबंध नसलेल्या वस्तूंना काय म्हणावं?

प्रश्न

गावच्या वाचनालयात जुन्या तांब्यापितळेच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडतोय. एका टेबलावर पूजेची उपकरणी, दुसऱ्यावर घंगाळ, अडकित्ते, मापं. पहिल्या पाटीवर 'धार्मिक वस्तू' लिहिलं. दुसरीसाठी एकाने 'धर्मनिरपेक्ष वस्तू' सुचवलंय, पण कानाला खटकतं. 'लौकिक वस्तू' चालेल का?

उत्तर

खटकतं ते बरोबरच आहे. 'धर्मनिरपेक्ष' म्हणजे धर्माचा विचार आड येऊ न देणारा. हा गुण राज्याचा, कायद्याचा, फार तर माणसाचा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत हा शब्द आला (मराठीत 'धर्मनिरपेक्ष', हिंदीत 'पंथनिरपेक्ष'), तोही राज्य कसं आहे हे सांगायला. घंगाळाला असली भूमिका घ्यावी लागत नाही.

'लौकिक' मला मनापासून आवडतो. लोकांमधलं ते लौकिक. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात, सुरुवातीलाच विचारलंय की हे शास्त्र कोणत्या शब्दांचं, आणि उत्तर आहे: लौकिक आणि वैदिक. म्हणजे चालत्या बोलण्यातले आणि वेदातले. वाङ्मयाबद्दल बोलताना आपण आजही जवळपास याच अर्थाने तो वापरतो. गाथासप्तशतीतल्या प्रेमाच्या, शेताशिवाराच्या गाथा हे लौकिक काव्य. शृंगाराची लावणी लौकिक, अभंग नव्हे. घटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्माचरणाला जोडून येणाऱ्या आर्थिक, राजकीय वगैरे व्यवहारांचा उल्लेख आहे, तिथे हिंदी पाठात 'लौकिक'च आहे. राज्याला एक शब्द आणि व्यवहाराला दुसरा, हा फरक मला फार नेमका वाटतो.

पण मराठीत या शब्दाला आणखी वाटा फुटल्यात. 'शाळेचा लौकिक' म्हणजे नाव, कीर्ती. 'लौकिकार्थाने त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच' म्हणतो तेव्हा धर्माचा प्रश्नच नसतो, जग ज्याला शिक्षण समजतं ते तेवढंच, असं म्हणायचं असतं. आणि 'अलौकिक' आवाज म्हणजे विलक्षण आवाज. त्यामुळे लेखात 'लौकिक' शोभेल, पण पाटीवर वाचणारा क्षणभर अडखळेल.

'ऐहिक' नको. इह म्हणजे इथलं, या जगातलं. पण कीर्तन-प्रवचनातून 'ऐहिक सुखाच्या मागे लागू नका' इतकं ऐकलंय की शब्दाला कमीपणा चिकटलाय. 'प्रापंचिक' अडचणी असतात, माणूस असतो, अडकित्ता नसतो. 'निधर्मी' तर मुळीच नको. ग्रंथांची यादी करायची असती तर मी 'धर्मेतर' म्हटलं असतं, 'शिक्षकेतर कर्मचारी' म्हणतो तसं. कोरडा आहे, पण स्पष्ट आहे.

तुमच्या पाटीसाठी मात्र घरातलीच भाषा घ्या. 'ते तबक देवाचं आहे, वापरातलं घे', असं घरोघरी म्हणतात. 'देवाचं' याच्या उलट 'वापरातलं', 'रोजचं'. तेव्हा एकीकडे 'देवाची उपकरणी' आणि दुसरीकडे 'रोजच्या वापरातल्या वस्तू'.

पुन्हा प्रश्न

पटलं. पण याला 'ओवळ्यातली भांडी' म्हणता येईल का? आणि तांब्या कोणत्या टेबलावर ठेवू?

उत्तर

'ओवळ्यातली' नको. सोवळं-ओवळं हा शिवाशिवीचा हिशोब आहे, आणि तो हिशोबच मुळी धर्मातला. शिवाय सोवळ्यात स्वयंपाक व्हायचा तेव्हा पातेलंही सोवळ्यातलं असायचं, म्हणून ते देवाचं होत नाही.

तांब्याचं उत्तर त्याच्या गळ्याशी बघा. सकाळी आपण त्यातून पाणी पितो. त्याच तांब्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली, आत सुपारी-नाणं टाकलं, आंब्याची पानं लावून वर नारळ ठेवला की आपण त्याला कलश म्हणायला लागतो. पूजा आटोपली, नारळ उतरवला, चिंचेने घासून मांडणीवर पालथा घातला की परत तांब्या. दोन तांबे असतील तर एक नारळासकट पहिल्या टेबलावर ठेवा आणि दुसरा, वर फुलपात्र घालून, दुसऱ्या. पाट्यांवर नावंही वेगळी लिहा: 'कलश' आणि 'तांब्या'.