पोरगा म्हणते, शिकारीले चला. काय सांगू त्याले?

धुऱ्यावरचा_बाप

राम राम मंडळी. कारंजा तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे. यंदा दोन एकरांत हरभरा, बाकी तूर उभी आहे. पोरगा अकरा वर्षांचा, सहावीत. प्रश्न त्याच्याबद्दल आहे, थोडा माझ्याबद्दलही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहतो. मागच्या महिन्यात त्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा, अंगात डोळे दिपतील असं नारिंगी जाकीट, समोर बर्फावर पडलेलं हरीण. पोरगा त्याची शिंगं धरून हसतोय. माझ्या बायकोनं फोटो पाहिला अन् मोबाईल उपडा ठेवला. आमच्या पोट्ट्यानं मात्र तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. शिंगं मोजली, बंदूक कुठली ते विचारलं. रात्री जेवताना म्हणतो, "बाबा, आपुन कवा जाचं?"

मी म्हटलं, आपल्याकडे बंदी आहे. तर म्हणे, "मंग माह्या वर्गातल्याले त्याचा मामा कसा नेते?" आता हेही खरंच. जीपवर सर्चलाइट लावून रात्री फिरणारी टोळी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. मी गप्प बसलो तसा तो म्हणाला, "तुमी भेता का?"

भीत नाही हो. मी गेलो आहे. १९९० साली, याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होतो. आजा अन् त्याचे दोन सोबती, एक भरमार (तोंडातून दारू ठासायची) बंदूक. कायदा तेव्हाही होता, आमच्या घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. आजानं मादी पाडली. (आमच्याकडे हरीण म्हणजे काळवीटच.) मला म्हणाला, मागचे पाय धरून बस, कुत्रं येईल. मी धरून बसलो. पाय गरम होते. थोड्या वेळानं गार व्हायला लागले, अन् तिच्या कानातून, काखेतून गोचीड निघायला लागले. एक एक करून. त्यांना कळलं होतं की इथं आता काही उरलं नाही. ते माझ्या मनगटावर चढले. मी पाय सोडले नाहीत, कारण आजानं धर म्हटलं होतं. रात्री भाजी खाल्ली, दोनदा मागून घेतली, खोटं काहून सांगू.

हे पोराला कधी सांगितलेलं नाही.

दुसरी अडचण अशी की रोज रात्री मी जागलीला, म्हणजे पीक राखायला जातो. साठ-सत्तरांचा कळप हरभऱ्यात उतरतो, कोवळे शेंडे अन् घाटे साफ. मी डबा वाजवतो, फटाके फोडतो, नाही नाही त्या शिव्या देतो. दोन-तीनदा पोरगाही सोबत होता, सगळ्या शिव्या ऐकल्यात त्यानं. आता त्याच तोंडानं त्याला सांगू का, की बिचारे मुके प्राणी आहेत बाळा, त्यांना मारू नये? पोट्टं काय खुळं आहे?

ज्यांची पोरं या वयाची आहेत त्यांनी सांगावं.

---

सेलूचा_परदेशी

भाऊ, मी मूळचा सेलूचा, वर्धा जिल्हा. चौदा वर्षं झाली, तुमच्या मावसभावाच्याच राज्यात आहे. शिकार करत नाही, पण ऑफिसात अर्धे लोक नोव्हेंबरात गायब होतात, म्हणून माहीत आहे.

तिकडं बंदुकीनं हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. परवाना लागतो. कमरेवरचे निम्मे कपडे तरी झगझगीत नारिंगी (किंवा गुलाबी) पाहिजेत, नाही तर दुसरा शिकारी तुम्हालाच हरीण समजेल. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग पास करावा लागतो. वर्ग न केलेलं पोर नेलं तर सोबतच्या मोठ्या माणसानं हात पोचेल इतक्या अंतरावर राहायचं. आधी वयाची अट दहा होती, २०१७ मध्ये तीही काढली. त्यावर तिथंही पुष्कळ वाद झाला, सगळे अमेरिकन याला टाळ्या वाजवतात असं समजू नका. हरीण मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे नोंद करायची. २००२ पासून तिथल्या हरणांत मेंदूचा एक रोग सापडतो, म्हणून बरेच जण मटण खायच्या आधी नमुना तपासायला देतात.

म्हणजे फोटोत जे दिसतं त्याच्या मागं एवढी कागदपत्रं असतात. तिथं हरणं मोप आहेत, रस्त्यावर गाड्यांना धडकून मरतात. आपल्या काळविटाचा हिशेबच वेगळा. पोराला एवढं सांगितलं तरी चालेल, की त्या पोराच्या बापानं परवानगी काढली आहे अन् तुझ्या वर्गमित्राच्या मामानं नाही.

एक मात्र कबूल करतो. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. शेजारच्यानं तिला चल म्हटलं तेव्हा मी नाही म्हणालो, तर तिनं विचारलं की मग आपण चिकन कसं खातो. मी अजून उत्तर शोधतोय.

---

काळा_कोट_यवतमाळ

वकील आहे, म्हणून थोडं रूक्ष लिहितो.

१. काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, वर दंड.

२. कायद्यात शिकार म्हणजे फक्त बार टाकणं नाही. फास लावणं, पकडणं, हाका करून जनावर पुढं घालणं, आमिष दाखवणं, अन् यातल्या कशाचा प्रयत्न करणं, सगळं शिकारच. "आम्ही नुसते लाइट धरून होतो" हे मी कोर्टात ऐकलेलं आहे. चालत नाही.

३. पोराला सोबत नेणाऱ्या मामासाठी खास. बाल न्याय कायदा २०१५, कलम ८३. बेकायदा कामात लहान मुलाला वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् पाच लाखांपर्यंत दंड. हे गावात कोणालाच माहीत नसतं.

आणि कोणाच्या घरी आज्याच्या काळची पिळदार शिंगं भिंतीवर असतील तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. असा जुना माल जाहीर करायला २००३ मध्ये सरकारनं १८० दिवस दिले होते. ते केव्हाच संपले. आधी वकिलाला भेटा.

---

बोंडअळी_गेली_तेल_लावत

वा. हरणाला वकील आहे, अमेरिकेतून सल्लागार आहे. माझ्या हरभऱ्याला कोण आहे? मागच्या साली अर्ज केला. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा हरभरा केव्हाच निघाला होता, वावरात पऱ्हाटी (कपाशी) उभी होती. कोणतं पीक खाल्लं ते दाखवा म्हणतो. म्या म्हटलं हरणालेच विचारा.

पोराला नेऊ नका हे मान्य. पण शिव्या देतो म्हणून लाज कशाची? देत जा. मी तर रोह्याला (नीलगायीला) नावानं शिव्या देतो.

---

वाटेवरचा_फासा

मी फासेपारधी आहे. हे लिहावं की नाही असा अर्धा दिवस विचार केला.

मला बापानं सातव्या वर्षी नेलं. बंदूक आमच्यात नव्हती. तातीचे (चिवट दोरीचे) फास, खुंट्या ठोकून ओळीनं लावायचे अन् शिकवलेल्या बैलाच्या आडानं कळप हळूहळू तिकडं वळवायचा. बैल चरतोय असं हरणाला वाटलं पाहिजे, म्हणून आपणही बैलाच्या पायासोबत पाय टाकायचा. मी चुकलो की बाप बोलायचा नाही, नुसता थांबायचा. गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फास मोकळा करून सोडायचं, हा घरचा नियम होता. ते भूतदयेचं नव्हतं. पुढच्या साली काय खाणार, याचा हिशेब होता.

ते सगळं सुटलं. सुटलं ते बरंच झालं, मी रडत नाही. माझी मुलगी बी.एस्सी. करते. पण एक सांगतो. १८७१ चा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा पुढं आमच्या लोकांवरही लागला, जन्मतःच गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो उठला. तरी आजही कुठं हरीण मेलं की पोलिसांची पहिली गाडी आमच्या बेड्यावर (वस्तीवर) येते. जीपवर सर्चलाइट लावणाऱ्याच्या दारात जात नाही. त्यानं पोरगं शिकारीला नेलं तर त्याला शौक म्हणतात.

भाऊ, तुमच्या पोराची ओढ वाईट नाही. त्याला जनावराच्या जवळ जायचं आहे. मला मारण्यातलं फार आठवत नाही, बैलाच्या पोटाखालून कळप दहा पावलांवर दिसायचा ते आठवतं. तेवढं तुम्ही त्याला देऊ शकता, फास न लावता.

---

निवृत्त_गुरुजी

वरच्या भावाला माझा नमस्कार. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यांच्यासारखं एका परिच्छेदात सांगणं मला जमलं नाही.

धुऱ्यावरच्या बाबांना एक कामाची गोष्ट. पोराला रात्री नव्हे, पहाटे न्या. कारंजा-सोहोळ अभयारण्य तुमच्याजवळच आहे, पण तिथंही जायची गरज नाही, तुमच्याच शिवारात पडीक जागा पाहा. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो, ढीग होतो. ओल्या आहेत की वाळलेल्या, यावरून तो आज आला की परवा, हे कळतं. डोळ्याखालच्या ग्रंथीचा स्राव तो काडीला, गवताला लावतो, तेही दिसेल. पोराला वही द्या अन् ढीग शोधायला सांगा. हे शिकारीचंच काम आहे, शेवटचा बार सोडून.

आणि त्याला हे विचारा: फोटोतल्या हरणाची शिंगं दरवर्षी गळतात अन् नवी येतात, आपल्या काळविटाची गळत नाहीत. काहून? उत्तर लगेच सांगू नका. गवतात पाडस दबून बसलेलं दिसलं तर हात लावू देऊ नका, आई जवळपासच असते.

---

धुऱ्यावरचा_बाप

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, कलम ८३ मी कागदावर लिहून त्या वर्गमित्राच्या बापाला दाखवलं. मामाचं नाव घेतलं नाही. त्यानं कागद खिशात घातला अन् चहा सांगितला, यापुढं काय होते ते पाहू.

रविवारी पहाटे पाचला पोराला उठवलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. त्याला वाटलं शिकारीले चाललो, म्हणून एका हाकेत उठला. मी काही बोललो नाही, ही माझी लबाडी. तुरीच्या कडेनं वाकून गेलो. पलीकडच्या पडिकात पंधराएक होते, एक काळाभोर नर मान मागं टाकून, शिंगं पाठीवर टेकवून माद्यांपुढं चालत होता. पोरगा माझ्या सदऱ्याला धरून होता. मला खोकला आला अन् सगळे उडाले. पोट्टं माझ्यावरच चिडलं, "बाबा, तुमाले कोनं सांगतलं होतं खोकलाले!"

गुरुजी, ढीग सापडला. आमच्याच धुऱ्याच्या टोकाला, जिथं मी रोज शेकोटी करतो तिथून शंभर पावलांवर. ओला होता. म्हणजे मी इकडं डबा वाजवतो तेव्हा गडी तिकडं उभा असतो.

येताना बांधावर बसलो, डब्यातली भाकर खाल्ली, तेव्हा त्याला १९९० चं सांगितलं. पाय, गोचीड, भाजी, सगळं. मला वाटलं, हरीण मेलं म्हणून वाईट वाटेल, नाही तर आज्याचा राग येईल. तो बराच वेळ आपलं मनगट पाहत बसला. मग म्हणतो,

"मंग ते गोचीड तुमच्या घरी आलते का?"

आले असतील. मी त्या अंगानं विचारच केला नव्हता.

हरभरा अजून पंचवीस दिवस राखायचा आहे. जागल चालू आहे. शिव्याही.