दोन कोटी मोजून टायटॅनिक बघायला गेले आणि मेले. मी हसलो होतो. तुम्ही?

बिनसाखरेचा_चहा (धागाकर्ता)

जून 2023 ला ती टायटन नावाची पाणबुडी टायटॅनिक बघायला गेली आणि गायब झाली, आठवतंय ना? तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर गेमच्या कंट्रोलरचे मीम्स टाकले होते. एक नाही, सात-आठ. माणशी अडीच लाख डॉलर म्हणजे आपले दोन कोटी, ते भरून पोरांच्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर चालणाऱ्या डब्यात बसायचं आणि 3800 मीटर खाली जायचं, एवढी खाज असेल तर जा म्हणावं, असं काहीतरी लिहिलं होतं आणि त्यावर हसण्याच्या स्मायल्यांचा पाऊस. चॅनेलवाले तर 96 तासांच्या ऑक्सिजनचं घड्याळ उलटं लावून बसलेले, वन-डे मधे किती बॉलमधे किती हवेत दाखवतात तसं.

मग कळलं आत 19 वर्षांचा पोरगा होता. सुलेमान दाऊद, बापाबरोबर गेलेला. जागा खरं तर आईची होती, तिनं याला दिली. बरोबर रुबिक क्यूब नेलेला, खाली टायटॅनिकपाशी सोडवून रेकॉर्ड करणार होता म्हणे. माझा भाचा तेव्हा 19 चाच आणि त्याच्याही सॅकमधे कायम तो ठोकळा. मीम्स डिलीट करायला गेलो तर 'सगळ्यांसाठी डिलीट'ची मुदत संपलेली.

आता हे उकरून काढायचं कारण म्हणजे ऑगस्ट 2025 मधे अमेरिकन कोस्ट गार्डचा मोठा रिपोर्ट आला, तीनशेच्या वर पानं. त्यात सरळ म्हटलंय की हे टाळता आलं असतं, आणि कंपनीचा मालक स्टॉकटन रश (तो पण आतच होता) जगला असता तर त्याच्यावर फौजदारीची शिफारस केली असती. ते वाचताना परत तेच डोक्यात आलं. श्रीमंत माणूस हौसेनं जीव धोक्यात घालतो आणि मरतो तेव्हा आतून जरासं बरं वाटतं (वाटतं, खोटं बोलू नका), ते नक्की कशाचं?

स्पष्टवक्ता

बरं वाटतं आणि मला त्याची लाज नाही.

टायटनच्या चारच दिवस आधी, 14 जूनला, ग्रीसच्या पायलोसजवळ अड्रियाना नावाची मासेमारीची बोट बुडाली. आत अंदाजे साडेसातशे माणसं कोंबलेली, वाचली 104. आणि त्यात पाकिस्तानी शेकड्यांनी होते. म्हणजे एकाच आठवड्यात एकाच देशाची माणसं दोन ठिकाणी बुडाली, एक बापलेक दोन कोटी माणशी देऊन आणि बाकीचे जमीन विकून, कर्ज काढून एजंटला पैसे देऊन. एकीकडे विमानं, जहाजं, फ्रान्सवरून समुद्रतळ धुंडाळणारा रोबो. दुसरीकडे ग्रीक कोस्ट गार्डची बोट जवळ होती आणि तरी हे झालं. त्यांच्या ऑक्सिजनचं घड्याळ कोणत्या चॅनेलनं लावलं होतं? लोक हसले ते या भेदभावावर. मीम हे गरिबाचं संपादकीय असतं साहेब.

कुंपणावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बिनसाखरेचा_चहा

@स्पष्टवक्ता, मुद्दा पटला पण मग राग त्या चॅनेलवाल्यांवर आणि ग्रीसवाल्यांवर काढायचा ना, 19 वर्षांच्या पोरावर कशाला? आणि खरं सांगा, मीम्स टाकताना अड्रियानाचं नाव तरी माहिती होतं का आपल्याला? मला नव्हतं. नंतर कोणीतरी ही तुलना करून पोस्ट टाकली तेव्हा कळलं, आणि मग आपण सगळे आधीपासून त्या बोटीसाठीच हसत होतो असं ठरवून टाकलं.

स्पष्टवक्ता

मला माहिती होतं. पण ठीके, बहुतेकांना नसेल.

थंडीत_पुणेकर

मी हॅलिफॅक्सला असतो, टायटनला घेऊन गेलेलं पोलर प्रिन्स जहाज इथून फार लांब नाही, सेंट जॉन्सवरून निघालेलं. त्या आठवड्यात आमच्या इथे पण हेच, की आमच्या टॅक्सच्या पैशानं अब्जाधीश का शोधायचे. कॅनडाची ऑरोरा विमानं दिवसरात्र घिरट्या घालत होती, त्यांनाच ते ठोक्यासारखे आवाज ऐकू आले आणि सगळ्या जगाला वाटलं आत माणसं जिवंत आहेत. नंतर बाहेर आलं की अमेरिकन नेव्हीच्या यंत्रांनी रविवारीच, म्हणजे संपर्क तुटला त्याच सुमारास, स्फोटासारखा आवाज, म्हणजे पाणबुडी दाबानं आत चेपल्याचा, पकडला होता. चार दिवस सगळे मेलेल्यांना शोधत होते. 22 तारखेला तुकडे सापडले, टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून साधारण 500 मीटरवर.

शोधमोहिमेचे पैसे त्यांच्याकडून वसूल करा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की अमेरिकन कोस्ट गार्ड समुद्रात शोधून काढायचे पैसे घेतच नाही, त्यांच्या कायद्यातच ते नाही, मग तो अब्जाधीश असो की होडीवाला. आणि मला ते बरोबर वाटतं.

अर्धवट_ट्रेकर

वरच्याला +१०००. आमचा ग्रुप सह्याद्रीत रेस्क्यूला जातो, पगार नाही मानधन नाही, दोरपण पदरचे. रात्री दोनला फोन येतो, पावसात धबधब्याच्या वर रील काढायला गेलेली पोरं अडकलीत. जाताना गाडीत आम्ही त्यांना ज्या शिव्या देतो त्या इथे लिहिल्या तर आयडी उडेल. पण खाली उतरवेपर्यंत एक शब्द नाही, आधी पाणी, मग ब्लँकेट, शिव्या मग पार्किंगमधे. कोणाच्या बापाकडे किती आहे हे दोराला कळत नाही.

आणि बिल लावायचं म्हणणाऱ्यांनो, एकदा का पैसे पडणार हे कळलं की लोक फोनच उशिरा करतात. आपलं आपण उतरू म्हणतात, अंधार पडतो आणि मग आम्हाला माणसाऐवजी बॉडी काढावी लागते.

सोमवारी_सुट्टी

ट्रेकरभाऊ तुमच्याबद्दल आदर आहे पण तुलना चुकली. रीलवाल्या पोरांना अक्कल नसते. यांना सगळं माहिती होतं, कागदावर सही केलेली, त्या कागदाच्या पहिल्याच पानावर मृत्यूचा उल्लेख तीनदा होता म्हणे. समजून उमजून सही केली तर विषय संपला. सहानुभूती पण नको आणि टिंगल पण नको. त्यांचा पैसा, त्यांचा जीव, आपल्या बापाचं काय जातं?

जुना_खलाशी

सोमवारी सुट्टी साहेब, विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. मी बावीस वर्षं जहाजांवर इंजिनरूममधे काढलीत, आता किनाऱ्यावर आहे, जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

जहाज समुद्रात जायच्या आधी त्याला 'क्लास' लागतो. म्हणजे कंपनीचा नसलेला एक तिसरा माणूस येतो, सर्व्हेयर, तो ड्रॉइंगपासून वेल्डिंगपर्यंत सगळं तपासतो, दरवर्षी परत येतो, आणि त्याला नाही पटलं तर जहाज हलत नाही, मालक कितीही बोंबलला तरी. आपल्या पवईला इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आहे, ते हेच काम करतात. सर्व्हेयर येणार म्हटलं की आमचा चीफ इंजिनिअर दोन दिवस जेवायचा नाही. टायटननं हा क्लास घेतलाच नव्हता. रशचं म्हणणं होतं की असल्या तपासण्यांनी नवीन शोधाला खीळ बसते. शिवाय आत बसणाऱ्यांना तो प्रवासी म्हणायचाच नाही, 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचा, कारण प्रवासी म्हटलं की अमेरिकेत प्रवासी पाणबुड्यांचे नियम लागतात. दोन कोटी भरणारा माणूस कागदोपत्री स्टाफ. आपल्याकडे शेअर रिक्षावाला पोलिसाला सांगतो ना, सगळे पाहुणेच आहेत साहेब, त्यातला प्रकार.

आता आतली भानगड. 3800 मीटरवर दाब जवळपास 380 बार, सोप्या भाषेत तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर पावणेचारशे किलो. इतक्या खोल जाणाऱ्या पाणबुड्यांत माणसं बसतात तो भाग सहसा गोळा असतो, धातूचा, कारण गोळ्यावर दाब सगळीकडून सारखा येतो. पण गोळ्यात दोन-तीन माणसंच मावतात आणि धंद्याला जास्त तिकिटं हवीत, म्हणून यांनी पिंप बनवलं, पाच इंच जाडीच्या कार्बन फायबरचं, दोन टोकांना टायटॅनियमच्या कड्या चिकटवून त्यांवर टायटॅनियमची झाकणं बसवलेली. कार्बन फायबर ताणायला एक नंबर, पण दाबायला त्याचा भरवसा नाही, आतल्या आत थर सुटायला लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही. जुलै 2022 ला एका डाइव्हनंतर वर येताना मोठा आवाज झाला होता. त्यानंतर सेन्सरचे आकडे बदललेले. कोणी थांबून बघितलं नाही, उलट ती वस्तू हिवाळाभर सेंट जॉन्सला उघड्यावर पडून, बर्फात. मी डिझेल जनरेटरलाही असं वागवलं नसतं.

सांगितलं नव्हतं असंही नाही. त्यांच्याच कंपनीतल्या डेव्हिड लॉक्रिजनं 2018 मधे रिपोर्ट लिहिला, त्याला काढलं. त्याच वर्षी या धंद्यातल्या तीन डझनांवर लोकांनी पत्र लिहिलं. तर त्या कागदावर सही करणाऱ्याला 'तुम्ही मरू शकता' एवढं माहिती होतं. मागच्या वर्षी वर येताना काय वाजलं ते नव्हतं. 19 वर्षांच्या पोराला तर नाहीच. मग कसली समजून उमजून?

कुंपणावरचा

पॉपकॉर्न बाजूला ठेवला.

उद्योजक_वगैरे

नेहमीचं सुरू झालं. नियम, सर्टिफिकेट, तिसरा माणूस. या वृत्तीनं चाललो असतो तर विमान उडालं नसतं. रश स्वतः आत बसायचा हो, दुसऱ्याला पाठवून एसीत नाही बसला. आणि टायटनमधे बसलेली हॅमिश हार्डिंगसारखी माणसं नुसती पैसेवाली नव्हती, 2021 मधे चॅलेंजर डीपच्या, म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेच्या, तळाला जाऊन आलेला, 2022 ला अवकाशात. आपल्या कुनोत नामिबियाहून आठ चित्ते आले ते ज्या विमानातून आले ते त्याच्या कंपनीनं दिलेलं. नार्जोले 77 वर्षांचा, टायटॅनिकवर जगात सगळ्यात जास्त वेळा गेलेल्यांपैकी. हे मूर्ख होते का? मराठी माणसाला ना, धोका पत्करून कोणी पुढे गेलं की पोटात दुखतं आणि आपटला की ढेकर येते.

जुना_खलाशी

नाही हो, हार्डिंग त्या तळाला गेला ती पाणबुडी व्हिक्टर व्हेस्कोव्हो नावाच्या अमेरिकन धाडसी माणसाची, तिला क्लास होता. तीच पार 10,000 मीटरच्या खाली परत परत जाऊन आली. आपल्याकडे चेन्नईला एनआयओटीवाले (समुद्र तंत्रज्ञानाची सरकारी संस्था) मत्स्य 6000 ही पाणबुडी बनवतायत, तीन माणसांसाठी टायटॅनियमचा गोळा, 80 मिलिमीटर जाड, वर्षानुवर्षं नुसत्या चाचण्या चालूयत. ऑगस्ट 2025 मधे आपले दोघं सरावाला फ्रेंचांच्या नॉटिल पाणबुडीतून अटलांटिकमधे उतरले, एक 5002 मीटरपर्यंत गेला. पेपरात आतल्या पानावर चौकट आली, कारण सगळे सुखरूप वर आले. आणि नॉटिल म्हणजे तीच, जिच्यातून नार्जोले पूर्वी टायटॅनिकला जायचा. एवढा जाणता माणूस टायटनमधे का बसला हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

रश स्वतः आत बसायचा म्हणून त्याला सोडून देऊ नका. दारू पिऊन बस चालवणारा ड्रायव्हरही बसमधेच असतो.

स्पष्टवक्ता

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

मालवणी_मसाला

सगळ्यांचं वाचलं. माझे बाबा ट्रॉलरवर होते. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोणी जात नाही. तरी दर सीझनला कोणाची तरी होडी परत येत नाही. तुम्ही त्यावर हसत नाही, बरोबर. पण रडत पण नाही. तालुक्याच्या पानावर तीन ओळी, खलाशी बेपत्ता, शोध सुरू. स्पष्टवक्ता दादा, तुम्हाला साडेसातशे लोकांचं वाईट वाटतं ते टायटनशी तुलना करायला सोयीचं आहे म्हणून, हे मी रागानं नाही लिहीत, मला पण अड्रियाना तशीच कळली.

आणि अजून एक. 27 मार्च 2025 ला इजिप्तच्या हुरघाडाला पर्यटकांची पाणबुडी बुडाली, सहा रशियन गेले. मासे आणि पोवळी बघायला गेलेली साधी माणसं, पोरंबाळं घेऊन. तिच्यावर एक तरी मीम बघितलात? मी नाही. म्हणजे पाणबुडीत बसायची हौस आपल्याला चालते, तिकीट महाग असलं की चालत नाही.

बिनसाखरेचा_चहा

ताई, हे लागलं. तुमचं बरोबर आहे बहुतेक. मी जर त्या पोराचं नाव वाचलं नसतं, नुसतं 'पाच अब्जाधीश' एवढंच वाचलं असतं, तर अजून हसत असतो. आणि पाचही जण अब्जाधीश नव्हतेच, ते पण मीम्समधूनच शिकलेलो.

स्पष्टवक्ता

मसालाताई, सोयीचं आहे म्हणून वाईट वाटतं हे अर्धं मान्य. पण अर्धं नाही. तिकीट महाग असलं की शोधमोहीमही महाग होते, बातमीपण मोठी होते, हे तर खरंच आहे ना. तुमच्या बाबांच्या होडीमागे किती विमानं गेली?

मालवणी_मसाला

एकदा कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर आलेलं. बाकी वेळा गावातल्याच होड्या.

सोमवारी_सुट्टी

खलाशीकाका, माझं 'सही केली विषय संपला' मागे घेतो. टिंगल नको हे मात्र कायम.

अवांतर: सिंधुदुर्गात निवतीजवळ नेव्हीची जुनी बोट आयएनएस गुलदार समुद्रात बुडवून म्युझियम करणार आणि पाणबुडीतून लोकांना दाखवणार असं सरकारचं चाललंय ना? पोरं आत्तापासून मागे लागलीत. काय करू?

जुना_खलाशी

ते पाणी उथळ आहे हो, 3800 मीटर थोडंच, घाबरू नका. फक्त तिकीट काढताना क्लासचं सर्टिफिकेट कुठे लावलंय विचारा. काउंटरवरचा पोरगा "ते साहेबांकडे आहे" म्हणाला तर पोरांना घेऊन मसालाताईंच्या गावाला जा, सुरमई खा आणि परत या.

मालवणी_मसाला

या, पण जून-जुलैत नको, तेव्हा सुरमई बर्फातली मिळते.