पैठणीचा काठ पोर्सेलिनच्या ताटावर आणि कपावर कसा बसवावा?

काठपदर (पैठण):
नमस्कार. पांढऱ्या पोर्सेलिनच्या सेटवर ग्लेझवरच्या रंगांनी (चकाकीच्या तयार थरावर काढून पुन्हा भाजायचे रंग) पैठणीची नक्षी काढायची आहे. ताट २६ सेंमी व्यासाचं, कड ४ सेंमी रुंद. कप तोंडाशी ८, तळाशी ५ सेंमी, बाजू सरळ उतरती, ७ सेंमी. मुनियांचा (पोपटांचा) काठ कागदावर सरळ दिसतो, पण तीच पट्टी ताटाला लावली की आतून चुण्या पडतात आणि कपावर तिरकी चढते. ताटाच्या मधोमध बांगडी-मोर (बांगडीसारख्या गोलातला मोर) घ्यायचा आहे. काय बदलू?

गोलघेरा:
साडीचा काठ सरळ चालतो, ताटाची कड आत आकसते. तुमच्या ताटाचा बाहेरचा घेर ८१.७ सेंमी, कडेच्या आतल्या रेषेवर फक्त ५६.५. २४ भाग केले तर एका भागाला बाहेर ३.४ आणि आत जेमतेम २.४ सेंमी मिळतात. मुनिया यात कोंबली की तिची मान तरी दबते, नाहीतर शेपूट.

म्हणून नारळी काठ, म्हणजे त्रिकोणी नारळांची ओळ, घ्या. रुंद बूड बाहेर, टोक आत. जागा आकसते तसा त्रिकोणही निमुळता होतो. कपही खाली निमुळता असल्याने टोकं तळाकडे. मुनिया हवीच असेल तर दोन नारळींच्या मध्ये एकेक सुटी ठेवा. असावलीची वेलही चालेल, कारण तिला वळण आणि पानं कमी-जास्त करता येतात.

कपाची पट्टी सरळ कापू नका. ८ × ७ भागिले (८ − ५) म्हणजे १८.७ सेंमी त्रिज्येचा कंस काढा. काठ २ सेंमी असेल तर आतला कंस १६.७ चा, आणि पूर्ण फेरीला ७७ अंश. त्यात १२ नारळी बसतात, प्रत्येकी तोंडाशी २.१ सेंमी. ताटाची नारळी तशीच कपावर उचलली तर फार जड दिसेल. आकार लहान करा, पण रेघेची जाडी दोन्हीकडे तीच ठेवा, म्हणजे सेट एकाच हातचा वाटतो.

हे गणित पोट असलेल्या कपाला लागू नाही. तिथे टिश्यू पेपर चिकटवून, चिरा देऊन साचा घ्यावा लागतो.

भट्टीकाठ:
वरच्याशी सहमत, पण मोराबद्दल वेगळं मत. जेवणाच्या ताटात मधोमध ग्लेझवरचा रंग नकोच: सुरी-चमच्याने घासला जातो, आणि आंबट आमटीत रंगातलं शिसं-कॅडमियम उतरण्याचा धोका. मोर कपाच्या बाहेर घ्या, ओठापासून २ सेंमी सोडून. ताटाची कड खाण्याला आणि कपाचा काठ ओठाला लागतोच, तिथे अन्नासाठी सुरक्षित म्हणून विकले जाणारे रंगच वापरा. बशीचं मधलं वर्तुळ कपाखाली झाकलं जातं, तिथे कष्ट वाया.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंगातलं टर्पेंटाइन भराभर उडतं आणि रेघ तुटक येते. लवंगेचं तेल किंचित घाला, रंग सावकाश वाळतो. पण जास्त झालं की धूळ चिकटते आणि भट्टीत फोड येतात. रंग पातळ थरात, दोन-तीन भाजण्यांत चढवा. जाड थर कपच्या होऊन निघतो. कॅडमियमचा लाल दुसऱ्या रंगात मिसळू नका, काळवंडतो. भाजणी साधारण ७८०–८०० अंशांवर, ४५० पर्यंत भट्टीचं झाकण किंचित उघडं, म्हणजे तेलाचा धूर निघून जातो.

काठपदर:
दोघांचेही आभार. कपाचा कान मध्ये आला तर? आणि जरीसाठी सोनं कधी लावायचं?

गोलघेरा:
कान ओठाच्या खाली जोडलेला असेल तर काठ त्याच्या वरून अखंड जाऊ द्या. ओठापर्यंत पोचत असेल तर तिथली एक नारळी गाळा आणि मोजणी कानाच्या मध्यापासून सुरू करा, म्हणजे उरलेल्या दोन्ही बाजूंना सारख्या पडतात. मोर कानासमोर नको. कान उजवीकडे धरला असता पिणाऱ्याला समोर दिसेल तिथे.

भट्टीकाठ:
सोनं (बाटलीत मिळणारं द्रव सोनं) सगळ्यात शेवटी, रंग भाजून झाल्यावर, वेगळ्या कमी भाजणीला. बाटलीवर दिलेलं तापमान पाळा. रंगावर सोनं मंद पडतं, म्हणून जरीच्या रेघांची जागा आधीच कोरी सोडा. असे कप मायक्रोवेव्हमध्ये चालत नाहीत.