म्युझिक लायब्ररीचं मोठं अपडेट : काय राहिलं, काय गेलं? तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आपल्यातले बरेच जण अजूनही गाणी स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवून ऐकतात, त्यांच्यासाठी हा धागा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण वर्षानुवर्षं लायब्ररी लावत आणतो त्याचं एक दिवस मोठं अपडेट येतं, चेहरामोहरा बदलतो आणि मग पुढचे कित्येक दिवस कुठे काय गेलं ते शोधण्यात जातात. गाण्याची फाईल एकवेळ परत मिळते. पण कुठलं गाणं लायब्ररीत कधी आलं, किती वेळा ऐकलं, किती स्टार दिले, कशामागे काय लावलं, हे आपण बसून केलेलं काम असतं आणि ते दुसरीकडे कुठेच नसतं. मला याबद्दल मनापासून वाईट वाटतं म्हणून विचारतेय. कुणाचं चांगलं झालं असेल तर तेही आवर्जून लिहा. फक्त कंपनीचं नाव घेऊ नका, म्हणजे तुझं चांगलं की माझं चांगलं हा वाद होणार नाही.

सुरुवात मीच करते. माझे सगळे मिश्र अल्बम फुटले. एकाच संग्रहात बारा गायक असतील तर अपडेटनंतर त्याचे बारा अल्बम दिसायला लागले, प्रत्येकात एक गाणं, आणि कव्हर बारा वेळा तेच. शोधल्यावर कारण कळलं. जुनी आवृत्ती एका फोल्डरमधली गाणी म्हणजे एक अल्बम असं समजून घ्यायची, नवीन आवृत्ती फक्त 'अल्बम आर्टिस्ट' हा टॅग (गाण्याच्या फाईलमध्येच लिहिलेली माहिती) बघते, आणि तो रिकामा असला की गायकाच्या नावावर विभागणी करते. गंमत म्हणजे एमपीथ्रीच्या टॅगांमध्ये अल्बम आर्टिस्टसाठी मुळात वेगळी जागाच नव्हती, जी जागा वाद्यवृंदाच्या नावासाठी ठेवली होती तीच सगळे या कामाला वापरायला लागले. मग जुन्या फाईलींमध्ये ती भरलेली असणार कशी? आता एकेक संग्रह घेऊन भरत बसलेय. एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाईली एकदम सिलेक्ट करून भरता येतं, त्यामुळे निभावतंय.

*

मला अपडेट आवडलं, सरळ सांगतो. माझी लायब्ररी फार मोठी आहे, जवळपास सगळी फ्लॅकमध्ये (आवाज जराही न गाळणारा फाईलचा प्रकार), आणि जुनी आवृत्ती ३२ बिटची असल्यामुळे मेमरीची मर्यादा यायची, कव्हरं लोड होता होता बंदच पडायची. नवीन ६४ बिटची आहे. शोध टाइप करता करता उत्तर येतं. एका गाण्याला दोन गायक असतील तर दोघांच्याही नावाखाली ते दिसतं, आधी "अमुक आणि तमुक" असा तिसराच गायक तयार व्हायचा. फक्त सगळे जुने प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मेले, कारण ३२ बिटचं प्लगइन ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये लोड होऊच शकत नाही, ते लिहिणाऱ्यानेच नव्याने बनवून द्यावं लागतं आणि त्यातले अर्धे जण आता हे काम करत नाहीत. तेवढं सोडलं तर मी खूश आहे.

*

माझे स्टार गेले. म्हणजे पाच स्टारची पद्धतच काढून टाकली आणि त्याजागी एक हृदय ठेवलं, आवडलं किंवा नाही आवडलं. चार आणि पाच स्टारवाली गाणी हृदयात गेली, बाकीची सगळी कोरी. अहो पण तीन स्टार म्हणजे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कप्पा होता, अजून नीट कळलेलं नाही, पुन्हा ऐकायचं, असं तिथे ठेवायचो. माझी कितीतरी आवडती गाणी आधी तिथेच होती. ऐकणाऱ्याच्या मनात आवडणं आणि न आवडणं याच्या मध्ये बरंच काही असतं, ते यांना दिसत नाही याचा मला खरोखर राग येतो.

ज्यांचं अपडेट अजून व्हायचंय त्यांनी आधी रेटिंग फाईलमध्ये लिहून घ्या, बहुतेक प्रोग्रॅममध्ये तशी सेटिंग असते पण ती सुरुवातीला बंद असते. त्यातही एक घोळ आहे. एमपीथ्रीच्या टॅगमध्ये रेटिंग स्टारमध्ये नसतं, ० ते २५५ मधला एक आकडा असतो, आणि चार स्टार म्हणजे किती आकडा हे प्रत्येकाने आपापलं ठरवलंय. विंडोज चार स्टारला १९६ लिहितं, दुसरा कुणी वेगळा आकडा लिहील, त्यामुळे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना स्टार एखाद्याने वरखाली होऊ शकतो. अर्ध्या स्टारवाल्यांचं तर विचारूच नका.

*

मी लिहू की नको असं चाललं होतं. ही लायब्ररी माझी नाही, वडिलांची आहे. ते गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर मी तसाच ठेवला, त्यावरच ऐकते. त्यांनी कॅसेटवरून स्वतः रेकॉर्ड करून घेतलेलं बरंच आहे त्यात, प्रत्येकाच्या कॉमेंटच्या जागी कॅसेट कुणाकडून मिळाली, कुठल्या बाजूला आवाज खराब आहे असं लिहिलेलं. मी नेहमी 'लायब्ररीत आल्याची तारीख' या क्रमाने लावून ऐकायचे. त्यात त्यांचं एकेक वर्ष कळायचं, एका उन्हाळ्यात नुसती सतार, मग मध्येच काही महिने काहीच नाही कारण तेव्हा ते आजारी होते, आणि त्यानंतर एकदम लहान मुलांची गाणी, कारण माझी मुलगी झाली होती.

अपडेट आपोआप झालं. नंतर उघडलं तर सगळ्या गाण्यांची तारीख एकच, अपडेटच्या दिवसाची. कॉमेंट शाबूत आहेत, गाणी शाबूत आहेत, फक्त क्रम गेला. ज्यांना सांगितलं ते म्हणाले गाणी आहेत ना सगळी, मग काय झालं. काय झालं ते इथे तरी कळेल म्हणून लिहिलं. कुणाला ती तारीख परत आणता येत असेल तर कृपया सांगा.

*

डीजेंचं दुःख वेगळं. अपडेटने सगळ्या गाण्यांचा ठेका नव्याने मोजला आणि मी हाताने सरकवून बसवलेली बीटग्रिड, म्हणजे ठेका कुठे कुठे पडतो त्याच्या खुणा, पुसली. क्यू पॉइंट (गाणं जिथून सुरू करायचं त्या खुणा) जागेवर होते पण ग्रिड हलल्यामुळे ते ठेक्याच्या किंचित आधी पडायला लागले, कार्यक्रमाच्या दिवशी कळलं. हाताने केलेल्या ग्रिडला कुलूप लावायची सोय अनेक ठिकाणी असते, आता प्रत्येक गाण्याला लावतो.

*

देवनागरीत नावं ठेवणाऱ्यांसाठी. अपडेटनंतर माझी काही गाणी शोधात सापडेनात आणि प्लेलिस्टमध्ये करडी झाली, "फाईल सापडली नाही". फोल्डरमध्ये तर समोर दिसतायत. सगळी तपासली तेव्हा लक्षात आलं की नावात वाऱ्यावर, दऱ्या, तुऱ्याचा असलं काही असलं की ते गाणं गेलंच. आपला हा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये एकाच पद्धतीने साठवला जात नाही. कुणी ऱ ला हलंत जोडून लिहितं, कुणाच्या कीबोर्डवर साधा र, हलंत आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह पडतं. त्यातही ऱ हे युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला आकडा देणारी पद्धत) एक अखंड अक्षर म्हणूनही असतं आणि साधा र अधिक खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असं तोडूनही असतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईलसिस्टीम (डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) नावं तोडून साठवायची आणि माझी हार्डडिस्क मुळात तिथून आलेली. डोळ्याला सगळं सारखंच दिसतं, पण प्रोग्रॅम अक्षरांमागचे आकडे जुळवून बघतो आणि ते जुळत नाहीत. जुनी आवृत्ती दोन्ही रूपं एक करून मग तुलना करत असणार, नव्या आवृत्तीत ते राहून गेलं.

मी कळवलं त्यांना, उदाहरणाच्या फाईलींसकट. पुढच्या छोट्या अपडेटमध्ये तोडलेला आणि अखंड ऱ एक धरला जाऊ लागला. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचं मात्र अजून तसंच आहे, कारण युनिकोडच्या नियमात ती दोन रूपं समान मानलेलीच नाहीत, त्यामुळे ती नावं बदलून घेण्याशिवाय इलाज नाही. मराठीत नावं ठेवणाऱ्यांनी असं काही दिसलं तर गप्प बसू नका, कळवा. आपण नाही कळवलं तर दुसरं कुणी कळवणार नाही.

*

मला दिसत नाही, मी स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, सगळं वापरतो. जुनी आवृत्ती विंडोजच्या साध्या याद्या आणि बटणं वापरायची, त्यामुळे माझा स्क्रीनरीडर एनव्हीडीए प्रत्येक ओळ नीट वाचायचा, गाणं, गायक, किती मिनिटं. नवीन आवृत्तीत सगळा पडदा त्यांनी स्वतः रंगवलाय. डोळसांना तो छान दिसतो असं ऐकलं. माझ्यासाठी ती पूर्ण खिडकी म्हणजे एकच कोरा चौकोन आहे, आत कुठलं बटण कशाचं हेच स्क्रीनरीडरला कळत नाही. टॅब दाबत राहिलं तर "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू येतं, कशाचं बटण ते नाही.

वर स्टार आणि तारखा गेल्याबद्दल वाचलं, त्याचं मलाही वाईट वाटलं. माझं काहीच गेलेलं नाही, सगळं आत आहे, फक्त दार नाही. बटणाला नाव देणं हे प्रोग्रॅमरसाठी फार मोठं काम नसतं, सुरुवातीपासून केलं तर अगदीच नसतं. मी फूबार २००० या दुसऱ्या प्लेअरवर गेलो, तिथे साध्या याद्या आहेत आणि कीबोर्डवर सगळं बसवता येतं. पण प्लेलिस्ट न्यायला मला दुसऱ्याचे डोळे लागले, ते लागायला नको होते.

*

मी अशाच एका सॉफ्टवेअरवर काही काळ काम केलंय म्हणून दुसरी बाजू सांगतो, समर्थन नाही. लायब्ररी म्हणजे आत एक डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींची वही, असतो, आणि मोठ्या अपडेटमध्ये त्याची रचना बदलते. जुन्यातून नव्यात माहिती भरायचं जे काम असतं ते टीममध्ये कुणालाच नको असतं, कारण ते एकदाच चालतं आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. त्यात वेळ कमी पडला की सोपा मार्ग निवडला जातो, फोल्डर पुन्हा स्कॅन करा. स्कॅन केलं की गाणी येतात, टॅग येतात, जे फक्त डेटाबेसमध्ये होतं ते येत नाही. लायब्ररीत आल्याची तारीख आणि प्ले काउंट हे जवळपास नेहमी फक्त डेटाबेसमध्येच असतं. मीटिंगमध्ये मी हे बोललो होतो. "गाणी तर सगळी येतायत" हेच उत्तर तिथेही मिळालं होतं.

वडिलांच्या लायब्ररीबद्दल लिहिणाऱ्या ताईंसाठी : आधी तो प्रोग्रॅम बंद करा आणि आता उघडू नका. बरेच प्रोग्रॅम रूपांतर करण्याआधी जुन्या डेटाबेसची प्रत त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवतात, नावात जुना आवृत्ती क्रमांक किंवा तारीख असते. ती शोधा, पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि जे काय करायचं ते त्या कॉपीवर करा. बहुतेक वेळा ती एसक्यूलाइट या डेटाबेसच्या प्रकाराची फाईल असते, ती उघडून बघायची साधनं फुकट मिळतात. आत तारखेच्या रकान्यात तारीख दिसली नाही, दहा आकडी नंबर दिसला तर घाबरू नका, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले ते सेकंद असतात, त्यावरून तारीख काढता येते.

*

मी जुन्या आवृत्तीवर परत गेले आणि तिथेच आहे. माझी तक्रार एकच, गाण्यांमधली फट. मैफलीचं सलग रेकॉर्डिंग भागांत तोडलेलं असतं ना, एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना आता बारीकशी शांतता येते. एमपीथ्री तुकड्या-तुकड्यांत साठवलेलं असतं, दर तुकडा आवाजाच्या ११५२ नमुन्यांचा, त्यामुळे पुढे-मागे थोडी रिकामी जागा राहतेच. ती किती आहे हे लेम एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम) फाईलच्या सुरुवातीला लिहून ठेवतो, प्लेअरने ते वाचून तेवढं गाळायचं असतं. जुनी आवृत्ती गाळायची. नव्या आवृत्तीत ते बंद केलं की विसरले माहीत नाही. आलाप तुटतो हो, ऐकवत नाही.

नव्याचा आग्रह धरणाऱ्यांसाठी एवढंच, विनॅम्प या जुन्या म्युझिक प्लेअरची आवृत्ती ३ २००२ साली आली तेव्हा लोक मोठ्या संख्येने विनॅम्प २ वरच थांबले होते, आणि २००३ च्या शेवटी कंपनीने दोन्हींचं मिळून विनॅम्प ५ काढलं. वापरणारे थांबले म्हणूनच ते झालं.

*

ताईंची पोस्ट वाचून राहवलं नाही. प्रत सापडली का?

*

सापडली. फाईलच्या नावात मागच्या वर्षीची तारीख होती. ज्यांनी मार्ग सांगितला त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. माझ्या भाच्याने ती उघडली, नंबरांच्या तारखा केल्या आणि प्रत्येक गाण्याच्या टॅगमध्ये वेगळ्या रकान्यात लिहून टाकल्या, म्हणजे आता त्या फाईलबरोबरच राहतील, प्रोग्रॅम कुठलाही असो. सतारीचा उन्हाळा परत आलाय.

थोडी गाणी मात्र जुळली नाहीत, कारण त्या प्रतीनंतर मी काही फोल्डरांची नावं बदलली होती आणि जुन्या डेटाबेसमध्ये जुना पत्ता आहे. गाण्याची लांबी आणि फाईलचा आकार दोन्ही तिथे नोंदलेले दिसतायत. त्यावरून जोड्या लावता येतील का? एकाच लांबीची दोन रेकॉर्डिंग असली तर काय करायचं? कुणी केलं असेल तर सांगा.