मदत हवी आहे: १० मीटरची एचडीएमआय केबल कोणती घ्यावी?

मंडळी, हॉलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही भिंतीवर आहे आणि गेमिंग कन्सोल समोरच्या शोकेसमध्ये. मधली १० मीटर केबल भिंतीतल्या पाइपातून ओढलीये. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) ठेवलं की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मधेच दोन सेकंद सगळं काळं. ३० हर्ट्झला मात्र चित्र ठणठणीत! म्हणजे फोर-के ६० हर्ट्झला लागणारा १८ जीबीपीएसचा (सेकंदाला १८ गिगाबिट) डेटा केबलला झेपत नसावा. दुकानदार सोन्याचा मुलामा दाखवून महागडी केबल गळ्यात मारू बघतोय. मुलाम्याने चित्र कसलं सुधारतंय?

ऑप्टिकल (तारेऐवजी प्रकाशातून सिग्नल नेणारी) केबल घ्यावी म्हणतो. पण तिला दिशा असते (एक टोक कन्सोललाच, दुसरं टीव्हीलाच), उलटी ओढली तर परत सगळं उपसा. पाइप २५ मिमीचा, त्यात दोन वळणं. कुणी अशी ओढली आहे का? कनेक्टर अडकतो का?